उत्तर नॉर्वेचे हवामान व ऋतुवाचक शब्द : प्रवाशाच्या दृष्टीने एक विवेचन

परदेशप्रवासास निघणारा मनुष्य ज्या देशी जावयाचे तेथील हवामानाची चौकशी करतो तेव्हा ती बहुधा दोन प्रश्नांत आटोपते : तेथे सध्या कोणता ऋतू आहे, आणि थंडी कितपत असेल ? उष्ण व समशीतोष्ण कटिबंधांतील देशांपुरते हे दोन प्रश्न सामान्यतः पुरे पडतात. उत्तर ध्रुववृत्तापलीकडील प्रदेशात मात्र ते अपुरेच पडतात असे नव्हे, तर प्रसंगी दिशाभूल करणारेही ठरतात. ह्याचे कारण जितके भूगोलात आहे तितकेच भाषेतही आहे. उत्तर नॉर्वेचा प्रदेश उदाहरणादाखल घेऊन ह्या दोन्ही कारणांचा एकत्र विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठीतील उन्हाळा, पावसाळा व हिवाळा हे शब्द अनुक्रमे उष्णकाल, प्रावृट्काल व हिमकाल ह्या संस्कृत शब्दांपासून आले आहेत. प्रत्येक शब्द वातावरणाच्या एकेका ठळक लक्षणावरून पडलेला असला, तरी व्यवहारात तो अनेक लक्षणांचा समुच्चय सुचवितो. 'हिवाळा' म्हटले की थंडी, लहान दिवस, कोरडी हवा आणि निरभ्र आकाश ही सर्व लक्षणे एकदम मनात उभी राहतात. कारण दख्खनच्या पठारावर ती खरोखरच एकत्र येतात. ह्या साहचर्याची इतकी सवय झालेली असते की, ते निसर्गाचा सार्वत्रिक नियम नसून एका विशिष्ट अक्षांशाचा व एका विशिष्ट भूरचनेचा परिणाम आहे, ह्याचे भान राहत नाही.

उत्तर नॉर्वेतील ट्रोम्सो ह्या नगरात हे साहचर्य पार विस्कटते. तेथे सर्वांत काळोखाचा महिना डिसेंबर. सर्वांत थंड महिने जानेवारी व फेब्रुवारी. जमिनीवर हिमाचा थर सर्वांत जाड होतो तो मार्चअखेरीपासून एप्रिलपर्यंत. प्रकाशाचा कळस जूनमध्ये आणि उष्णतेचा जुलैमध्ये. म्हणजे प्रकाश, उष्णता व हिम ह्या तिघांची तीन स्वतंत्र पंचांगे तेथे एकाच वेळी चालू असतात. 'हिवाळ्यात जावे की उन्हाळ्यात' असे विचारणाऱ्या प्रवाशाने ह्यांपैकी कोणत्या पंचांगाविषयी प्रश्न केला हे उत्तर देणाऱ्यास कळत नाही, आणि पुष्कळदा ते विचारणाऱ्यासही ठाऊक नसते.

(१) प्रकाश

तिन्ही पंचांगांपैकी सर्वांत निश्चित असे पंचांग प्रकाशाचे होय, कारण ते केवळ अक्षांशावर अवलंबून असते. उत्तर ध्रुववृत्त साधारणतः ६६ अंश ३४ कला उत्तर ह्या अक्षांशावर आहे. त्याच्या पलीकडे वर्षातून काही दिवस सूर्य मावळत नाही व काही दिवस उगवत नाही. ट्रोम्सो ६९ अंश ३९ कलांवर आहे. तेथे मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत सूर्य सतत क्षितिजावर असतो. आणि सुमारे २७ नोव्हेंबरपासून १५ जानेवारीपर्यंत तो मुळीच उगवत नाही. नगराभोवती डोंगर असल्यामुळे सूर्याचे प्रत्यक्ष दर्शन आणखी काही दिवस लांबते. २१ जानेवारीच्या सुमारास तो पुन्हा दिसू लागतो, आणि त्या दिवशी गावात गोड पाव वाटून खाण्याची प्रथा आहे.

ह्या कालाला नॉर्वेजियन भाषेत 'मोर्केतीद', म्हणजे अंधारकाल, असे नाव आहे. 'ध्रुवीय रात्र' ह्या मराठी पर्यायामुळे मात्र चोवीस तासांच्या निबिड काळोखाची कल्पना होते, आणि ट्रोम्सोच्या बाबतीत ती चुकीची आहे. दक्षिणायनाच्या अखेरच्या दिवशी मध्यान्हकाळी तेथे सूर्य क्षितिजाखाली सुमारे ३ अंशच असतो. सूर्य ६ अंश खाली जाईपर्यंत उघड्यावर नित्याची कामे दिव्यावाचून करता येतील इतका संधिप्रकाश राहतो. त्यामुळे डिसेंबरातही आकाश स्वच्छ असल्यास मध्यान्हाच्या आगेमागे काही तास निळसर उजेड मिळतो. ह्याच्या उलट स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगयिरब्येन हे गाव ७८ अंश १३ कलांवर असल्यामुळे तेथे त्याच दिवशी, त्याच घटकेस सूर्य क्षितिजाखाली साडेअकरा अंशांहून अधिक असतो, आणि मध्यान्ह व मध्यरात्र ह्यांत सामान्य डोळ्यास फारसा भेद करता येत नाही. एकाच 'ध्रुवीय रात्र' ह्या शब्दाखाली अशा दोन अगदी भिन्न स्थिती येतात.

लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या 'दि आर्क्टिक होम इन द वेदाज' ह्या ग्रंथामुळे दीर्घ उषेची व दीर्घ रात्रीची कल्पना मराठी वाचकांस परिचित झाली. त्या ग्रंथातील ऐतिहासिक सिद्धान्त पुढील संशोधनात मान्य झाला नाही. परंतु प्रत्यक्ष ध्रुवबिंदूची लक्षणे व ध्रुवासभोवतालच्या प्रदेशाची लक्षणे वेगळी मांडण्याची जी दक्षता टिळकांनी घेतली, ती ज्योतिषदृष्ट्या यथार्थ होती. प्रवाशानेही तीच दक्षता घेणे इष्ट आहे.

प्रकाशाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली प्रकाशाच्या वेगवान बदलाची. विषुवदिनाच्या सुमारास पुण्यास दिनमान रोज साधारण एका मिनिटाने बदलते. ट्रोम्सो येथे ते आठ-नऊ मिनिटांनी बदलते. पंधरा दिवसांच्या मुक्कामात दिवस दोन तासांनी लांबतो किंवा आखडतो. दुसरी गोष्ट सूर्याच्या उंचीची. उत्तरायणाच्या अखेरीस, म्हणजे प्रकाशाच्या कळसाच्या दिवशी, ट्रोम्सो येथील मध्यान्हसूर्य सुमारे ४४ अंशांवर असतो. पुण्यास डिसेंबरातील सर्वांत लहान दिवशीही मध्यान्हसूर्य ४८ अंशांवर असतो. म्हणजे त्या नगराचा भर उन्हाळ्यातील सूर्य पुण्याच्या भर हिवाळ्यातील सूर्याहूनही खालीच राहतो. प्रकाश अखंड, पण तिरपा; म्हणून तो विपुल असूनही त्याच्या प्रमाणात उष्णता देत नाही.

(२) उष्णता

उष्णतेचे पंचांग अक्षांशावर फारसे चालत नाही. ते समुद्रावर चालते. अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाहाची उत्तरेकडील शाखा नॉर्वेच्या किनाऱ्यास लागून वाहते, आणि पश्चिमेकडून येणारे वारे ह्या तुलनेने उबदार पाण्यावरून किनाऱ्याकडे येतात. त्यामुळे ट्रोम्सो येथील जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली तीन-चार अंशांच्या आसपासच राहते, व बंदर गोठत नाही. साधारण त्याच अक्षांशावर सैबेरियात वसलेल्या नोरिल्स्क ह्या शहराचे जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली २५ अंशांच्याही खाली असते.

हा भेद पाहण्यासाठी सैबेरियापर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. ट्रोम्सोच्या पूर्वेस सुमारे अडीचशे किलोमीटरांवर, जवळजवळ त्याच अक्षांशावर, फिनमार्कच्या पठारी प्रदेशात कारास्योक हे गाव आहे. ट्रोम्सो येथे आजवर नोंदलेला नीचांक शून्याखाली १८.४ अंश इतका आहे. कारास्योक येथे १ जानेवारी १८८६ रोजी शून्याखाली ५१.४ अंश तापमान नोंदले गेले, व तो नॉर्वे देशाचा नीचांक होय. प्रकाशाचे पंचांग दोन्ही ठिकाणी जवळजवळ एकच असताना उष्णतेच्या पंचांगात एवढी तफावत पडते, ह्याचे कारण समुद्राचे अंतर आणि भूमीची ठेवण. निर्वात व निरभ्र रात्री भूपृष्ठ आपली उष्णता वेगाने आकाशात सोडते, गार झालेली जड हवा खोलगट भागात साचते, आणि दरीतील गाव शेजारच्या टेकडीहून अधिक थंड होते. म्हणून अंतर्भागात मुक्काम करणाऱ्याने 'उंचावर थंडी अधिक' हा सह्याद्रीवरील अनुभव तेथे प्रमाण मानू नये.

पर्जन्याची गोष्टही अशीच आहे. कोकण, घाट व देश ह्यांतील पर्जन्याचा भेद ज्यास ठाऊक आहे त्यास ती समजण्यास सोपी जाईल. सह्याद्री जसा नैर्ऋत्येकडील वारे अडवितो, तशी स्कँडिनेव्हियाची पर्वतश्रेणी पश्चिमेकडील वारे अडविते. ट्रोम्सो येथे वर्षास सुमारे १,००० मिलिमीटर पर्जन्य पडते. कारास्योक येथे ते ४०० मिलिमीटरांच्या आत राहते. आणि पर्वतरांगेच्या आडोशास असलेल्या स्वीडनमधील आबिस्को येथे ते सुमारे ३०० मिलिमीटर इतकेच भरते. उत्तरप्रकाश पाहण्यास जाणाऱ्याच्या दृष्टीने ह्या आकड्यांना महत्त्व आहे. हा प्रकाश भूपृष्ठापासून शंभर किलोमीटर व त्याहून अधिक उंचीवर प्रकटतो, आणि ढग त्याच्या पुष्कळच खाली असतात. तो प्रकटणे सूर्याच्या व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या अधीन आहे; पण तो दिसणे ढगांच्या अधीन आहे. क्रिस्तियान बिर्केलांड ह्या शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये उत्तरप्रकाशाच्या अभ्यासासाठी आल्ताजवळील हाल्डे शिखरावर वेधशाळा उभारली. प्रवाशास शिखरावर जाण्याचे कारण नाही; किनाऱ्यावर ढग असतील तर अंतर्भागाकडे वळावे, एवढे त्याने जाणले तरी पुरे.

किनाऱ्याची हवा सौम्य असली तरी ती विश्वासू नाही. उत्तरेकडील अतिशीत वायू तुलनेने उबदार समुद्रावर उतरला की काहीशे किलोमीटर व्यासाची लहान पण तीव्र वादळे उत्पन्न होतात. ती काही तासांत उभी राहतात, दाट हिमवृष्टी व प्रचंड वारा घेऊन किनाऱ्यावर येतात, आणि बहुधा दीड-दोन दिवसांत विरतात. आकाराने लहान व अल्पायुषी असल्यामुळे त्यांचे भाकीत करणे कठीण जाते. वाऱ्यामुळे थंडीचा उपद्रवही बदलतो. शून्याखाली १० अंश तापमानात ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर उघड्या त्वचेस ती हवा निर्वात स्थितीतील शून्याखाली २० अंशांसारखी बाधते. ह्यास्तव तापमानाचा आकडा वाऱ्याच्या आकड्यावाचून वाचू नये.

(३) हिम

तिसरे पंचांग हिमाचे. मराठी भाषकास ते सर्वांत अपरिचित, आणि येथेच त्याची भाषा त्यास सर्वांत कमी साहाय्य करते. 'बर्फ' हा मराठीत रूढ झालेला फारसी शब्द आकाशातून पडणाऱ्या भुसभुशीत हिमालाही लागतो आणि पाणी गोठून झालेल्या घट्ट, पारदर्शक पदार्थालाही लागतो. 'हिम' हा शब्द ग्रंथांत आहे, पण बोलण्यात नाही. नॉर्वेजियन भाषेत पहिल्यास 'स्न्यो' व दुसऱ्यास 'ईस' म्हणतात. तेथील मूळच्या सामी लोकांच्या उत्तर सामी भाषेत अनुक्रमे 'मुओह्ता' व 'यिएक्ङा' असे शब्द आहेत. (सामी शब्दांचे देवनागरी लेखन येथे उच्चारास अनुसरून व स्थूलमानाने केले आहे.) हा भेद केवळ कोशातला नाही. 'रस्त्यावर बर्फ आहे' ह्या वाक्यावरून पाऊल रुतेल की घसरेल हे कळत नाही, आणि प्रवाशास नेमके तेच कळावयास हवे असते.

प्रत्यक्ष व्यवहारात ह्याहूनही सूक्ष्म भेद करावे लागतात. रस्त्यावर साचलेल्या गुळगुळीत बर्फाच्या थराला नॉर्वेजियनमध्ये 'होल्के', अर्धवट वितळलेल्या चिखलवजा हिमाला 'स्लाप्स' व पावसात मिसळून पडणाऱ्या हिमाला 'स्लुद' म्हणतात. सामी भाषेत ताज्या, सुट्या हिमास 'वाह्त्सा'; वाऱ्याने दाबून कठीण केलेल्या थरास 'चेअर्गा'; थराच्या तळाशी तयार होणाऱ्या साखरेसारख्या रवाळ हिमास 'सेअङाश'; वितळून पाणथळ झालेल्यास 'सोअव्ली'; आणि वसंतात दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठल्यामुळे माणसाचे व जनावराचे वजन पेलणारी जी कडक साय धरते तीस 'त्सुओङू' अशी नावे आहेत.

येथे एका गैरसमजाविषयी सावध राहणे अवश्य आहे. अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस ह्याने १९११ साली एस्किमो भाषेतील हिमवाचक असे चार भिन्न धातू उदाहरणादाखल दिले होते. पुढे लोकप्रिय लेखनात ती संख्या फुगत फुगत शेकड्यांवर गेली. आणि १९८६ मध्ये लॉरा मार्टिन व त्यानंतर जेफ्री पुलम ह्यांनी ह्या अतिशयोक्तीचा समाचार घेतला. शब्दांची नुसती मोजदाद करून कोणत्याही भाषेचे वैशिष्ट्य सिद्ध होत नाही, विशेषतः ज्या भाषांत प्रत्यय लावून वाटेल तितके शब्द बनविता येतात त्यांत. मराठीतही सर, झड, भुरभुर, रिमझिम, वळीव असे पर्जन्यवाचक शब्द विपुल आहेत, आणि त्यांचे कोणास नवल वाटत नाही. सामी शब्दसंग्रहाचे महत्त्व संख्येत नसून त्याच्या रचनेत आहे. भाषाशास्त्रज्ञ ओले हेन्रिक मग्गा, जे १९८९ मध्ये नॉर्वेतील सामी प्रतिनिधिसभेचे पहिले अध्यक्ष झाले, त्यांनी ह्या परिभाषेचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. तीवरून असे दिसते की हे शब्द हिमाच्या रूपाचे वर्णन करून थांबत नाहीत. त्या हिमावरून चालता येईल काय, घसरगाडी ओढता येईल काय, आणि रेनडिअरला खुराने ते उकरून खालील शैवाक खाता येईल काय, ह्या प्रश्नांची उत्तरे त्यांत साठविलेली असतात. 'गुओह्तुन' हा शब्द तर हिमाचे नावही नव्हे. हिमाखालील चारा जनावरास कितपत मिळू शकतो त्या एकंदर स्थितीचे ते नाव आहे. ह्याचा अर्थ असा की हे शब्द म्हणजे अनुभवाने तपासलेली भाकितेच होत.

(४) आठ ऋतू

तीन पंचांगे एकमेकांशी जुळत नसताना त्या प्रदेशात राहणाऱ्यांनी वर्षाची विभागणी कशी केली, हे पाहणे उद्बोधक आहे. नॉर्वेतील शेतकरी पूर्वी 'प्रिमस्ताव' नावाची लाकडी कालपट्टी वापरीत. तिची एक बाजू उन्हाळ्याची व दुसरी हिवाळ्याची. १४ एप्रिलला व १४ ऑक्टोबरला ती उलटावयाची. वर्षाचे दोनच भाग करणारी ही पद्धती स्थिर वस्तीच्या शेतीस पुरेशी होती. रेनडिअरच्या कळपांबरोबर किनारा व पठार ह्यांमध्ये स्थलांतर करणाऱ्या सामी लोकांस ती पुरण्यासारखी नव्हती. त्यांच्या परंपरेत वर्षाचे आठ ऋतू मानतात : हिवाळा (दाल्वी), वसंत (गिद्दा), उन्हाळा (गेअस्सी) व शरद (चाक्चा) हे चार मुख्य, आणि त्यांच्या सांध्यांवरील वसंत-हिवाळा, वसंत-उन्हाळा, शरद-उन्हाळा व शरद-हिवाळा हे चार जोडऋतू.

महिन्यांची नावेही अशीच बोलकी आहेत. मार्च हा हंसांचा महिना, एप्रिल हा 'त्सुओङोमान्नू', म्हणजे वर सांगितलेल्या कडक सायीचा महिना, मे हा रेनडिअरच्या पाडसांचा, जुलै गवतकापणीचा, आणि नोव्हेंबर 'स्काब्मामान्नू', म्हणजे अंधाराचा महिना. मराठी शेतकरी मृग, आर्द्रा, हस्त ह्या नक्षत्रांवरून पावसाचा अंदाज बांधतो. तेथे नक्षत्रांऐवजी भूमीवरील घटनेचे नाव थेट महिन्यास मिळाले आहे.

प्रवाशाने आपला हेतू ठरवून ह्या आठ ऋतूंतून निवड केल्यास त्याची फसगत होण्याचा संभव कमी. ज्यास केवळ अंधारकालाचा निळा उजेड व उत्तरप्रकाश पाहावयाचा आहे, त्याने शरद-हिवाळा किंवा हिवाळा निवडावा. किनाऱ्यावरील ढग, वादळी वारे व घसरडे रस्ते मात्र गृहीत धरावे. ज्यास हिमावर हिंडावयाचे आहे, त्यास वसंत-हिवाळा, म्हणजे मार्च व एप्रिल, हा काल सर्वांत अनुकूल होय. त्या वेळी प्रकाश विपुल असतो, थंडीची धार कमी झालेली असते, आणि हिमाचा थर मात्र जाडच असतो. ट्रोम्सो येथे हिमाचा सर्वांत जाड थर, २४० सेंटिमीटर, नोंदला गेला तो २९ एप्रिल १९९७ रोजी. त्या तारखेस तेथे दिवस सुमारे अठरा तासांचा असतो. जो केवळ 'एप्रिल म्हणजे वसंत' असे धरून निघेल, तो मनुष्यभर उंचीच्या हिमात जाऊन पोहोचेल. आणि ज्यास तेच हवे आहे, तो 'हिवाळा संपला' म्हणून ती संधी गमावील. ह्या दिवसांत रात्रीची व सकाळची साय वजन पेलते, पण दुपारी ती मऊ होऊन पाय खोल रुततात. म्हणून निघणे पहाटे व परतणे दुपारपूर्वी, हा तेथील रिवाज आहे. ताजे हिम आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा बहुतांश परत फेकते, त्यामुळे डोळ्यांस काळा चष्मा अनिवार्य होय.

वसंत-उन्हाळा, म्हणजे मेचा उत्तरार्ध व जूनचा आरंभ, हा नद्यांवरील बर्फ फुटण्याचा व वाटा पाणथळ होण्याचा काल. पायी हिंडण्यास तो गैरसोयीचा असतो. जुलैमध्ये किनारा सुखद असतो; अंतर्भागातील पाणथळ प्रदेशात मात्र डासांचे थवे उठतात. फिनलंडच्या उत्तर भागात ह्या उपद्रवाच्या दिवसांना 'रॅक्का' असे स्वतंत्र नावच आहे. सप्टेंबरात भूर्ज वृक्षांची व झुडुपांची पाने पिवळी-तांबडी होतात, डास नाहीसे होतात, आणि रात्री पुन्हा पुरेशा काळोख्या झाल्यामुळे उत्तरप्रकाशही दिसू लागतो. अनेक हेतू एकाच मुक्कामात साधावयाचे असल्यास हा शरदाचा काल विचारात घेण्यासारखा आहे.

पोशाखाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, एका जाड वस्त्रापेक्षा अनेक पातळ वस्त्रे बरी. अंगालगत लोकर, तीवर उबदार थर, आणि सर्वांत वर वारा व पाणी अडविणारा थर, अशी योजना असावी. सुती कापड घाम शोषून ओले राहते व शरीर गारठविते. भारतात गुणकारी ठरणारे सुती वस्त्र तेथे अपायकारक होते. सामी लोक पूर्वीपासून रेनडिअरच्या कातड्याच्या पादत्राणांत मोज्यांऐवजी वाळलेले गवत भरीत आले आहेत. ते गवत ओलावा शोषून घेते व हवा धरून ठेवते. रात्री ते काढून वाळविले की सकाळी पुन्हा उपयोगी पडते. ओलावा दूर ठेवणे हेच उबेचे मर्म आहे, हे ह्या साध्या युक्तीवरून समजते.

नॉर्वेच्या हवामानसंस्थेची स्थापना १८६६ मध्ये झाली. ती व राष्ट्रीय आकाशवाणी मिळून २००७ पासून जी सार्वजनिक अंदाजसेवा चालवितात तिचे नाव 'यूर', म्हणजे भुरभुर पाऊस, असे आहे. ह्या अंदाजाबरोबरच हिवाळ्यात हिमस्खलनाच्या धोक्याची पाच पायऱ्यांची सूचना प्रदेशवार प्रसिद्ध होते. डोंगराकडे जाणाऱ्याने दोन्ही वाचल्यावाचून बाहेर पडू नये.

(५) बदलते हवामान व शब्दांचे भवितव्य

आतापर्यंतच्या विवेचनात सरासरी व परंपरा ही दोन प्रमाणे स्थिर मानली आहेत. वस्तुतः ती आता स्थिर राहिलेली नाहीत. फिनलंडमधील हवामानशास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९७९ पासून उत्तर ध्रुवीय प्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. २५ जुलै २०२० रोजी लाँगयिरब्येन येथे २१.७ अंश तापमान नोंदले गेले, व तो तेथील उच्चांक ठरला. जुलै २०२१ मध्ये फिनलंडच्या अगदी उत्तर टोकाजवळील केवो येथे पारा ३३ अंशांच्या वर गेला. स्वालबार्डवरील न्यू-ओलेसुंद येथे भारताने २००८ मध्ये 'हिमाद्री' हे संशोधनस्थानक उघडले असून, त्याचे काम गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते. त्या उत्तरेकडील बदलाचे निरीक्षण करण्यात कोकणकिनाऱ्यावरील एका संस्थेचा असा प्रत्यक्ष सहभाग आहे.

ह्या बदलाचे सर्वांत घातक रूप उन्हाळ्याच्या उच्चांकात नसून हिवाळ्यातील पावसात आहे. जानेवारी २०१२ च्या अखेरीस स्वालबार्डवर भर अंधारकालात मुसळधार पाऊस पडला. हिमावर पडलेले पावसाचे पाणी खाली झिरपून जमिनीलगत गोठते आणि चाऱ्यावर काचेसारखा थर धरते. रेनडिअरला तो फोडता येत नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये रशियातील यमाल द्वीपकल्पावर अशाच कारणाने सुमारे ६१,००० रेनडिअर उपासमारीने मेले. वसाहतीही ह्या अनिश्चिततेतून सुटलेल्या नाहीत. १९ डिसेंबर २०१५ रोजी लाँगयिरब्येन गावावर वादळानंतर हिमस्खलन होऊन अकरा घरे जाग्यावरून सरकली व दोन माणसे मरण पावली. वर्षानुवर्षे वस्ती असलेल्या, रोज हवामान मोजणाऱ्या गावात हे घडले.

भाषेच्या दृष्टीने ह्या घटनांचा अर्थ गंभीर आहे. 'एप्रिल म्हणजे कडक सायीचा महिना' हे नाव म्हणजे अनेक पिढ्यांनी अनुभवाने पक्के केलेले एक भाकीत होय. साय मार्चमध्येच धरून सुटू लागली, किंवा जानेवारीत पावसाने तळाशी बर्फ साचू लागला, म्हणजे शब्द जागच्या जागी राहतो आणि त्यातील भाकीत निसटते. त्याच वेळी, तरुण पिढी हिमावर वावरण्याऐवजी नगरात वाढली तर शब्दही हळूहळू कोशात जाऊन बसतो. पण दुसऱ्या बाजूने पाहता, हिमाचे नवे व अनपेक्षित थर जेव्हा पडतात, तेव्हा त्यांतील भेद ओळखण्याचे साधन ह्याच परिभाषेत तयार असते; तापमापकाच्या एका आकड्यात ते नसते. महिन्यांशी असलेली ह्या शब्दांची सांगड ढिली झाली तरी हिमाच्या परीक्षेतील त्यांचे मोल कमी होत नाही, उलट वाढते.

प्रवाशाने ह्यावरून घ्यावयाचा बोध व्यावहारिक आहे. उत्तरेस निघण्यापूर्वी त्याने आपल्या चौकशीचे दोन प्रश्न सोडून तीन प्रश्न करावे : त्या पंधरवड्यात उजेड किती तास असेल, ते ठिकाण समुद्रापासून किती दूर आहे व वारा कोठून येतो, आणि जमिनीवर ह्या क्षणी हिम कोणत्या स्थितीत आहे. पहिल्याचे उत्तर पंचांगात मिळते, दुसऱ्याचे नकाशात व हवामानाच्या अंदाजात. तिसऱ्याचे उत्तर मात्र त्या दिवशी, त्या गावी राहणाऱ्या मनुष्यासच विचारावे लागते, आणि तो जे शब्द वापरील ते लक्षपूर्वक ऐकावे लागतात.